पाणी मागणारा पाहुणा

(मिशन रविवारी उपासनेनंतर मंडळीपुढे केलेले भाषण)



पाळक साहेबांनी मला दोन गोष्टी सांगायला सांगितल्या आहेत. एक, डोंगरातल्या आपल्या कामाविषयी. दुसरी, तरुण संघाची सहल पावसाळ्यात तिकडे जाणार आहे, तर तिथे पाहण्यासारखे काय आहे. या दोन गोष्टी एका भाषणात कशा बसवायच्या, असा मला प्रश्न पडला होता. विचार करता करता समजले की गोष्ट एकच आहे.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. अकोल्याहून राजूर सोडून भंडारदऱ्याकडे निघालात की डोंगरांकडे नीट बघा. ते पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला रस वाहू लागला. चित्रात असतो तसा धूर ओकणारा एकच डोंगर नव्हे. रस पसरायचा, थिजायचा, आणि पुन्हा काही काळाने त्यावर दुसरा थर यायचा. असे थरावर थर बसून हा काळा पाषाण तयार झाला. पुढे पावसाने आणि नद्यांनी तो कोरला. आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटरचे कळसूबाई, याच थरांचे आहे. रतनगड, हरिश्चंद्रगड, सांदण दरीची ती अरुंद घळ, सगळे त्याच दगडाचे. १२१ व्या स्तोत्रातल्या यात्रेकरूने डोंगरांकडे डोळे का लावले असतील, ते तिथे उभे राहिल्यावर कळते.

मी पहिल्यांदा गेले ती ऑगस्टात. कड्याकड्यावरून पाणी कोसळत होते. भाताची आवणी उरकलेली, खाचरे हिरवीगार. आम्ही एका वाडीवर ब्लँकेटे वाटली, गाणी म्हटली, फोटो काढले. महादेव कोळ्यांची वस्ती ती. एका घरी आम्हां बारा जणांना तांब्याभर पाणी आणि कोरा चहा मिळाला. दुसऱ्या तांब्याचीही फर्माईश झाली आमच्याकडून. संध्याकाळी परत आलो. त्या भेटीच्या अहवालात मी लिहिले, "येथे पाणी मुबलक आहे."

ते वाक्य आजही फाईलमध्ये आहे.

पुढे मे महिन्याच्या अखेरीस त्याच वाडीवर मुक्काम केला, तेव्हा रात्री अकराच्या सुमारास घरातल्या आजी हंडा घेऊन निघाल्या. मीही मागे गेले. दरीच्या कडेला खडकाच्या फटीतून करंगळीएवढी धार येत होती. खाली वाटीएवढा खळगा. एक बाई पेल्याने पाणी उचलून हंड्यात ओतत होती आणि मागे नऊ-दहा जणी आपापले हंडे लावून बसल्या होत्या. खळगा भरेपर्यंत थांबायचे, भरला की उपसायचा. आमचा नंबर लागला तेव्हा पहाट व्हायला आली होती. खालच्या रस्त्यावर रात्रभर गाड्यांचे दिवे दिसत होते. त्या दिवसांत तिथे झाडांवर काजवे लखलखतात, ते पाहायला शहरांतून माणसे येतात. त्याच काळोखात वर बाया पाण्याला बसल्या होत्या. गाडीतल्यांना त्या दिसत नव्हत्या. मी तरी आदल्या खेपेला कुठे पाहिल्या होत्या?

घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या श्रीरामपूर-नेवाशाकडे जेमतेम पाचशे. मग तहान तिकडे का? कारण तो पाषाण. घट्ट कातळात पाणी मुरत नाही, उतारावरून पळून जाते. थोडेफार मुरते ते वरच्या भेगाळ, भोके पडलेल्या दगडात. ते खाली झिरपते आणि खालचा घट्ट थर किंवा दोन थरांमधली तांबडी चिकणमाती लागली की आडवे सरकून डोंगराच्या कुशीतून बाहेर येते. तोच झरा. वाडीवरची माणसे पुस्तक न वाचता हे जाणतात.

आणि इथे मला तुमच्यापुढे एक कबुली द्यायची आहे.

त्या रात्रीनंतर मी इकडे येऊन कळकळीने बोलले. तुम्ही उदार मनाने दानार्पण केले. कोणी भिशीतले दिले, संडे स्कूलच्या मुलांनी खाऊचे पैसे दिले. आम्ही घाईने बोअर घेतला. जागा कोणती ठरवली? गाडी जाईल ती, रस्त्यालगतची. आजी म्हणाल्या होत्या, "बाई, हितं खाली निस्ता काळा दगूड हाये. वरच्या झऱ्याचं बघा." मी त्यांना हसून उत्तर दिले की मशीन कितीही दगड फोडते. पहिल्या वर्षी पाणी आले. प्रार्थना झाली, नारळपाणी झाले, आपल्या अंकात फोटो छापला. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये हापशाला हवा येऊ लागली. आज तो हापसा गंजून उभा आहे. बोअर आटल्याची बातमी मात्र आपण कधी छापली नाही. ती आज मी तुम्हांला सांगत आहे, कारण पैसे तुमचे होते आणि चूक माझी होती.

ईशज्ञानाच्या पदविकेसाठी मी योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायावर निबंध लिहिला होता. जिवंत पाण्यावर तीन पाने भरली होती. पण प्रभूने शमरोनी स्त्रीला काही देण्याआधी तिच्याकडे प्यायला पाणी मागितले, यावर त्यात एक ओळही नव्हती. भर दुपारी, थकलेला, परक्या मुलखात, पोहरा नसलेला असा तो विहिरीवर बसला होता. विहीर खोल आहे, हे त्या स्त्रीने त्याला सांगितले आणि त्याने ते ऐकून घेतले. सगळे बोलणे तिथून पुढे सुरू झाले. आम्ही मात्र देणारे होऊनच गेलो होतो, म्हणून ऐकायचे राहून गेले.

पुन्हा गेलो तेव्हा आजींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आता बसा, च्या घ्या." मग वाडीची बैठक झाली. भात काढून झाल्यावर बरीच माणसे नारायणगाव-जुन्नरकडे मजुरीला जातात. त्यांनी ते आधीच सांगून आठ दिवस लांबवले. झऱ्याभोवतीचा गाळ काढला, दगडी कुंडी बांधली, वर झाकण बसवले आणि नळी टाकून पाणी खालच्या टाकीत घेतले. रात्री वाया जाणारे थेंबही आता साठतात. खर्च बोअरच्या निम्माही झाला नाही. रात्रीची रांग बंद झाली. मेच्या शेवटी घरटी दोन-तीन हंडेच मिळतात, तेव्हा प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. एकदा "मुबलक" लिहून झाले आहे.

आता शेवटची गोष्ट. रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते. तिच्यावरचे भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. ओझरच्या बंधाऱ्यावरून तिचे पाणी दोन्ही पाटांनी आपल्याकडे येते. पाटाला आवर्तन सुटले की आपला ऊस तरारतो, विहिरींना पाझर फुटतो. आपल्यापैकी कितीतरी जणांची घरे, मुलांची शिक्षणे त्या पाण्यावर झाली. ते पाणी त्या आजींच्या डोंगरावर पडलेले आहे. आपण त्यांना काही देतो तेव्हा उपकार करत नाही. शंभर वर्षांच्या उसनवारीतले थोडे परत करतो.

तेव्हा तरुण संघाने जरूर जावे. धबधबे पाहावेत, कळसूबाई चढावी. मात्र जेवण वाडीवर सांगून ठेवावे आणि त्याचे पैसे द्यावेत. विचारल्याशिवाय फोटो काढू नये. जुन्या कपड्यांची गाठोडी नेऊ नयेत. कोणी पाणी दिले तर ते कुठून आले, हे विचारावे. आणि ज्यांना जमेल त्यांनी मे महिन्यात माझ्याबरोबर पुन्हा यावे. शेजारच्या ठाकरवाडीने त्यांचा झरा पाहायला बोलावले आहे. गाळ उपसायला हात हवेत. नावे आज महिला मंडळाच्या टेबलावर द्यावीत.

पुढच्या वर्षी काम जमले तर ते याच अंकात सांगेन. फसले तर तेही सांगेन. प्रार्थनेत आमची आठवण ठेवा. प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.