जागत्या सेवेची झोप



रात्री वॉर्डातील दिवे मंद झाले की रुग्णांचे नातेवाईक निर्धास्तपणे बाकावर आडवे होतात. कारण परिचारिका जागी असते. परंतु सकाळी घरी परतलेल्या त्या परिचारिकेला झोप लागते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

मनुष्याच्या शरीरात सुमारे २४ तासांचे एक घड्याळ चालू असते. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते व शरीर झोपेस सिद्ध होते. पहाटे शरीराचे तापमान नीचांकास जाते आणि सावधपणाही मंदावतो. नेमक्या त्याच वेळी परिचारिकेला औषधाची मात्रा मोजावयाची असते, सलाइन बदलावयाचे असते. सकाळी झोपावे, तर उजेड शरीराला जागे करतो. शिवाय स्वयंपाक, मुलांची शाळा, दारावरील घंटा या गोष्टी आहेतच. त्यामुळे दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा बहुधा एक ते चार तासांनी कमी भरते. ही उणीव साचत जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१९ मध्ये रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात कायम ठेवले.

म्हणून निद्रानाश हा परिचारिकेचा वैयक्तिक दोष नव्हे. तो कामाच्या आखणीचा प्रश्न आहे. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने पुढे सरकल्यास शरीर त्यांच्याशी अधिक सहज जुळवून घेते. सलग रात्री थोड्या असाव्यात आणि त्यांच्यानंतर पुरेशी सुटी असावी. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांची डुलकीही सावधपणा वाढविते. मात्र त्या अवधीत वॉर्ड सांभाळण्यास दुसरी परिचारिका हवी. एकटीवर सारा वॉर्ड असेल, तर विश्रांतीचे नियम कागदावरच राहतात. रिक्त पदे भरणे हा या दृष्टीने झोपेचाही उपाय आहे.

काही गोष्टी गावाच्या हाती आहेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. परिचारिकांची निवासस्थाने पुष्कळदा याच आवारात असतात. पंचायतीने दिवसाही तेथे ध्वनिक्षेपक वाजू दिला नाही, तर रुग्ण आणि परिचारिका या दोघांचीही झोप राखली जाईल. शिक्षकांनी पालकसभेची वेळ ठरविताना रात्रपाळीच्या मातांचा विचार करावा. घरातील माणसांनी सकाळचा स्वयंपाक वाटून घ्यावा.

परिचारिकेच्या त्यागाचे गोडवे वर्षातून एकदा गायिले जातात. तिला रोजची सहा-सात तासांची अखंड झोप मिळवून देणे, हा त्याहून खरा गौरव होय. कारण पहाटे औषध देणारा तिचा हात त्या झोपेमुळेच स्थिर राहतो.