हिवाळ्यांतील अटलांटिक

कल्याणहून कसाऱ्याच्या दिशेनें निघालेली गाडी पहिल्यांदा थांबते ती शहाडला. स्थानकापासून जवळच उल्हास नदी वाहते. माघ महिन्याच्या पहाटे नदीवर पातळ धुकें असतें. पुलावरून जाणारा मनुष्य कानांवरून मफलर गुंडाळतो, आणि ऊन थोडें वर आलें कीं तो मफलर पिशवींत जातो. ठाणें जिल्ह्याची थंडी ती एवढीच. एका शालींत मावणारी.

याच नदीच्या खाडीकांठीं कल्याण वसलें आहे. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक ग्रंथांत या बंदराचें नांव येतें. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं दानें कोरलेलीं आहेत. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर शिवाजीमहाराजांनीं आरमाराच्या उभारणीस याच भागांत हात घातला. तेव्हां या मातीला समुद्र नवा नाहीं. परंतु पुढें असा काळ आला कीं समुद्र ओलांडणें हेंच पाप ठरलें, आणि त्या काळांत या गांवच्या एका लेकीनें दोन महासागरांपलीकडे जाण्याचा बेत केला. तिच्यासाठीं दुसऱ्या एका महाराष्ट्रीय स्त्रीनें ऐन हिवाळ्यांत अटलांटिक ओलांडला. या दोन प्रवासांच्या बेतांत जो फरक आहे, तो आजही घरोघर विचार करण्याजोगा आहे.

पहिली स्त्री म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी. कल्याणच्या जोशी घराण्यांतील यमुना १८६५ सालीं जन्मली आणि नवव्या वर्षीं तिचें लग्न टपाल खात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गेलें. स्त्रियांना स्त्री-वैद्य मिळत नाहीं हें दुःख तिनें पुस्तकांत वाचलेलें नव्हतें. घरांत भोगलेलें होतें. पुढें न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं एका मिशनरी मासिकांत या दांपत्याविषयीं वाचलें आणि पत्रव्यवहार सुरू झाला. एका पत्राचें उत्तर हातीं येण्यास कित्येक आठवडे लागत. त्या संथ टपालावरच सारा बेत रचला गेला.

गोपाळरावांना रजा मिळून दोघांनीं मिळून जावें हा पहिला विचार सिद्धीस गेला नाहीं. मग आनंदीबाईंनीं एकटीनें जावें असें ठरलें. लोकांत गवगवा झाला तेव्हां बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहांत २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं त्यांनीं इंग्रजींतून व्याख्यान दिलें. अठरावें वर्षही पुरें न झालेल्या या मुलीनें लोक आपल्याला विचारीत असलेले सहा प्रश्न स्वतःच श्रोत्यांपुढें मांडले आणि एकेकाचें उत्तर दिलें. अमेरिकेस कां जावयाचें? येथें शिकण्याची सोय नाहीं काय? एकटीनेंच कां? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचें काय? परदेशांत संकट ओढवलें तर? आणि जें आजवर कोणा स्त्रीनें केलें नाहीं तें हिनें कां करावें? हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्यांच्या उत्तरांचा आशय होता.

प्रवासाचा याहून चोख बेत क्वचितच कोणी केला असेल. सोबतीस ओळखीच्या मिशनरी स्त्रिया होत्या, उतरावयास कार्पेंटरबाईंचें घर होतें, ऋतूही अनुकूल होता. ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून त्यांनीं प्रस्थान ठेवलें आणि इंग्लंडमार्गें ४ जून रोजीं त्या न्यूयॉर्कला पोंचल्या. अटलांटिक त्यांनीं ओलांडला तो त्याच्या सौम्य दिवसांत.

आतां दुसरा प्रवास पाहावा. आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यांतील पंडिता रमाबाई त्याच वर्षीं, १८८३ मध्यें, इंग्लंडला गेल्या होत्या. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत त्यांचें शिक्षण आणि अध्यापन चालू होतें. फिलाडेल्फियाच्या ज्या वैद्यक महाविद्यालयांत आनंदीबाई शिकत होत्या, त्याच्या प्रमुख रेचेल बॉडलेबाई यांनीं रमाबाईंना पदवीदान समारंभाचें आमंत्रण दिलें. समारंभाचा दिवस होता ११ मार्च १८८६. म्हणजे निघावयाचें तें फेब्रुवारींत. रमाबाईंना पतिनिधन होऊन चार वर्षें झालेलीं, त्यांना ऐकूं कमी येऊं लागलेलें, आणि बरोबर मनोरमा, पांच वर्षेंही पुरीं न झालेली. इंग्लंडांतील हितचिंतकांना हा प्रवास पसंत नव्हता. त्यांच्या नापसंतीचीं इतर कारणें बाजूला ठेवलीं, तरी फेब्रुवारींतला अटलांटिक हें एकच कारण पुरेसें होतें.

उत्तर अटलांटिक हिवाळ्यांत खवळतो तो कां, हें समजून घेण्यासारखें आहे. अमेरिकेच्या गोठलेल्या भूमीवरून येणारी थंड हवा आणि गल्फ स्ट्रीम या उष्ण प्रवाहावरील ऊबदार, ओली हवा यांची गांठ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापाशीं आणि न्यूफाउंडलंडच्या आसपास पडते. त्या संघर्षांतून वादळें जन्मतात व ईशान्येस आइसलंडकडे सरकत जातात. हिवाळ्यांत दोन्ही हवांच्या उष्णतेंतील अंतर वाढतें, म्हणून वादळेंही वाढतात. त्यांतून यूरोपहून अमेरिकेस जाणाऱ्या जहाजाचें तोंड पश्चिमेस, आणि वारा बहुधा पश्चिमेकडूनच येणारा. परतीच्या जहाजाला जो वारा पाठीवर घेतां येतो, तोच जाणाऱ्या जहाजाला छातीवर घ्यावा लागतो. सुमारें तीन हजार सागरी मैलांची ही वाट.

अशा वाटेला लागणाऱ्यानें कांहीं गोष्टी निघण्यापूर्वींच ठरवाव्या लागतात. पहिली गोष्ट खोलीची. लहान मुलें फळीच्या दोन टोकांवर बसून वर-खालीं होतात, तेव्हां टोंकावरच्याला झोका मोठा बसतो आणि मध्यें बसलेल्याला लहान. जहाजाचेंही तसेंच आहे. मध्यभागीं आणि खालच्या मजल्यावर असलेली खोली कमी हेलकावते. दुसरी गोष्ट अन्नाची. रमाबाई कट्टर शाकाहारी होत्या, आणि धर्मांतरानंतरही त्यांनीं तो नेम सोडला नव्हता. मांसाहारी लोकांसाठीं भरलेल्या कोठारांतून आपल्या व मुलीच्या पोटाची सोय पाहणें हें वादळाइतकेंच रोजचें काम होतें. तिसरी गोष्ट वेळेची. पश्चिमेस जातांना घड्याळ मागें घ्यावें लागतें आणि दिवस लांबतो. ज्याला जहाज लागलें आहे त्याला हा वाढीव वेळ वरदान वाटत नाहीं.

चौथी गोष्ट बंदराची. फिलाडेल्फिया हें खुल्या समुद्रावरचें बंदर नव्हे. तें डेलावेअर नदीवर, समुद्रापासून सुमारें शंभर मैल आंत आहे. कल्याणही खाडीनें आंत शिरून गांठावयाचें बंदर. तेवढ्यापुरतें या दोन गांवांचें साम्य. परंतु उल्हासच्या पाण्यावर माघांत धुकें तरंगतें, आणि डेलावेअरच्या पाण्यावर हिवाळ्यांत बर्फ.

आज हवामानाचा अंदाज तासागणिक मिळतो. जहाजाचें डोलणें कमी करणारे पंख त्याच्या दोन्ही कुशींना बसविलेले असतात. २००४ सालीं सुरू झालेलें 'क्वीन मेरी दोन' हें जहाज इंग्लंड-न्यूयॉर्क हा प्रवास हौसेनें करणारांना सात रात्रींत पलीकडे नेऊन सोडतें. रमाबाईंच्या वेळीं यांतलें कांहीं नव्हतें. वादळ समोर दिसलें म्हणजेच तें आहे असें कळावयाचें.

मग ऋतु बदलेपर्यंत थांबावयाचें नव्हतें काय? मे महिन्यांत समुद्र शांत झाला असता. पण पदवीदानाचा दिवस मे महिन्याची वाट पाहत नाहीं. भारतांतील एक हिंदू स्त्री पाश्चात्य वैद्यकाची पदवी घेणार, आणि त्या क्षणीं तिच्या देशाची, तिच्या भाषेची एकही स्त्री सभागृहांत नसणार, हें रमाबाईंना सोसण्यासारखें नव्हतें. त्यांनीं ऋतूकडे पाहून दिवस ठरविला नाहीं. दिवस ठरलेला होता, आणि त्यासाठीं ऋतु पत्करला.

लिव्हरपूलहून निघून त्या मार्चच्या आरंभीं फिलाडेल्फियास पोंचल्या. या सफरीची हकीकत त्यांनीं स्वतः आपल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या १८८९ सालच्या मराठी पुस्तकाच्या आरंभींच दिली आहे. ११ मार्च रोजीं आनंदीबाई पदवी घेण्यास उभ्या राहिल्या तेव्हां समोर गोपाळराव होते आणि रमाबाईही होत्या. आनंदीबाईंचें एकविसावें वर्ष पुरें होण्यास अद्याप वीस दिवस होते.

येथवरची गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, सावधपणें बेत करणारीचें भलें झालें असेल आणि वादळांत उडी घेणारीचें हाल झाले असतील. घडलें तें उलट. रमाबाई थोड्या दिवसांसाठीं गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेंत राहिल्या. बालोद्यानाची शिक्षणपद्धति त्या शिकल्या. १८८७ सालीं त्यांचें हिंदू स्त्रियांविषयींचें इंग्रजी पुस्तक निघालें आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनला त्यांच्या कार्यासाठीं मंडळ स्थापन झालें. आनंदीबाई मात्र ऑक्टोबर १८८६ मध्यें परत निघाल्या त्या क्षयानें पोखरून. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्री-विभागाची जागा त्यांच्यासाठीं ठरलेली होती. त्या जागेवर त्या कधींच बसल्या नाहींत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला.

सौम्य ऋतूंत ओलांडलेल्या समुद्रानें त्यांचें कांहीं बिघडविलें नव्हतें. मारक ठरले ते किनाऱ्यावरचे तीन हिवाळे. फिलाडेल्फियांतील आरंभींच्या बिऱ्हाडांत शेकोटीची सोय नीट नव्हती. विस्तव पेटवावा तर खोलीभर धूर, विझवावा तर गारठा. पोषाख आपलाच ठेवावयाचा, पण नऊवारींत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्यांनीं गुजराती पद्धतीनें पातळ नेसण्याची तडजोड केली. आहार आपल्याच वळणाचा, तोही परक्या चुलीवर. अभ्यास मात्र अहोरात्र. श्रीरामपूरच्या सहा प्रश्नांत धर्माचा प्रश्न होता, जातीचा होता, संकटाचाही होता. परंतु रोज रात्रीं ऊब कोठून मिळणार, हा साधा सातवा प्रश्न कोणी विचारल्याचें दिसत नाहीं. कल्याणच्या एका शालीची थंडी जाणणाऱ्या समाजाला तो सुचणार तरी कसा?

यांत आनंदीबाईंचा दोष काढण्याचें कारण नाहीं. त्यांच्यापुढें कोणी गेलेलेंच नव्हतें, विचारणार कोणाला? पण आज ती सबब उरलेली नाहीं. कल्याण-डोंबिवलीच्या कितीतरी घरांतून मुलें-मुली अमेरिकेस शिकावयास जातात, आणि त्यांतलीं कांहीं ऐन जानेवारींत जातात. अटलांटिक आतां विमानांत झोंपेंत ओलांडला जातो. घरीं महिनाभर चर्चा चालते ती तिकिटाची, वजनाच्या मर्यादेची, लोणच्याच्या बरणीची आणि विमानतळावर कोण न्यावयास येणार याची. प्रवास एका दिवसांत संपतो आणि हिवाळा चार महिने पुरतो. तेथल्या खोलींत उष्णता कशी मिळते, आजारी पडल्यास वैद्याचा खर्च कोण देतो, दिवसांतून एकदां गरम जेवण होतें कीं नाहीं, थकलें तर सांगावयास कोणी आहे कीं नाहीं, हे प्रश्न पेटीच्या तळाशीं राहून जातात. ते सर्वांच्या वर ठेवावयास हवेत.

आणि दुसरी बाजूही तितकीच खरी. ज्या कामासाठीं जावयाचें त्याचा दिवस ठरलेला असेल, तर समुद्र खवळलेला आहे म्हणून घरीं बसणें हा शहाणपणा नव्हे. रमाबाई मे महिन्यापर्यंत थांबत्या, तर आनंदीबाईंना त्या दिवशीं पदवीसमयीं आपल्या भाषेंतला एकही बायकी शब्द ऐकूं आला नसता. पुढें वर्षभरांतच त्यांचें आयुष्य संपलें. तो दिवस पुन्हां येणार नव्हता.

अमेरिकेहून जपानमार्गें परतून रमाबाईंनीं मुंबईंत चौपाटीजवळ शारदासदन उघडलें. त्याची तारीख ११ मार्च १८८९. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्याच दिवशीं बरोबर तीन वर्षें पुरीं झालीं होतीं.