मोसमअखेरची स्वस्ताई



या व्यासपीठावरून आपण मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने ऐकत आला आहात. माझ्यापाशी विद्वत्ता नाही. मी पस्तीस वर्षे पुरुषांच्या आणि मुलांच्या तयार कपड्यांच्या एका दुकानात हिशेब लिहिले, एवढीच माझी पुंजी. चालकांनी मला विषय निवडण्यास सांगितले, तेव्हा वाटले की ज्यातले आपल्याला कळते तेच बोलावे. म्हणून आज मी ‘सेल’विषयी बोलणार आहे. विषय हलका वाटेल. परंतु वर्षातून दोनदा जो आपल्या खिशाला हात घालतो, त्याला हलका म्हणण्याचे धाडस निदान मी तरी करणार नाही.

सध्या लग्नसराई चालू आहे आणि कपड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नाही. अजून काही आठवड्यांनी शाळा उघडतील, गणवेशांची गर्दी होईल. मग आषाढी एकादशी येईल, चातुर्मास लागेल, लग्नाचे मुहूर्त थांबतील आणि गिऱ्हाईक घरी बसेल. नेमके त्याच सुमारास दुकानांवर तांबडे फलक झळकू लागतील. हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. तमिळ मुलखात आडी महिना, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ, मंगलकार्यांना वर्ज्य मानतात. म्हणून तेथे ‘आडी’ची सवलत. बंगालात वैशाखाच्या पहिल्या दिवशी व्यापारी नवी वही उघडतो. त्याआधी जुना माल निघावा म्हणून कलकत्त्याच्या गडियाहाटपासून हातीबागानपर्यंत ‘चैत्र सेल’ची झुंबड उडते. तात्पर्य, सेल ही काही निव्वळ विलायती टूम नव्हे. पंचांग आणि हवामान जिथे खरेदीला लगाम घालतात, तिथे व्यापाऱ्याला माल मोकळा करावाच लागतो.

पण व्यापारी निम्म्या किमतीत माल देतो तो कसा? पुष्कळांना वाटते, तो तोटा सोसतो. दुसऱ्या काहींना वाटते, तो आधी लुटत होता. दोन्ही समजुती अर्धवट आहेत. एक सोपा हिशेब मांडू. समजा, दुकानदाराने ५०० रुपये खरेदीचे १०० सदरे आणले आणि त्यांवर १,००० रुपये किंमत लिहिली. हंगामात ६० सदरे पूर्ण किमतीला गेले. ६०,००० रुपये आले. म्हणजे ५०,००० चे भांडवल निघाले आणि वर १०,००० भाडे, वीज आणि नोकरांच्या पगारांकडे गेले. आता ४० सदरे उरले. ते निम्म्या किमतीला काढले, तर आणखी २०,००० हाती येतात. न काढता पुढच्या वर्षापर्यंत ठेवले, तर त्यांत गुंतलेल्या २०,००० रुपयांवर शेकडा १२ दराने २,४०० रुपये व्याज चढते, घडीवर पिवळा पट्टा उमटतो, कॉलरची तऱ्हा बदलते, आणि दिवाळीचा नवा माल जिथे मांडायचा ती फळी अडून बसते. सबब, तो ५०० रुपयांना सदरा देतो तेव्हा दान करीत नाही आणि बुडतही नाही. अडकलेला पैसा सोडवून घेतो. ज्यांनी आधी हजार मोजले तेही मूर्ख नव्हेत. त्यांना हवा तो रंग, हवे ते माप आणि हव्या त्या दिवशी मिळाले, त्याची ती किंमत होती.

उरलेल्या माळेत काय असते, तेही पाहा. माल मापांच्या संचाने येतो. त्यातली मधली मापे, ३९, ४०, ४२, आधी संपतात; अगदी लहान आणि अगदी मोठी मागे राहतात. म्हणून सेलमध्ये सडपातळ आणि धिप्पाड माणसाचे नशीब उघडते, आणि मध्यम बांध्याचा गृहस्थ खांदे उतरलेला सदरा घेऊन ‘धुतल्यावर आटेल’ अशी मनाची समजूत घालीत घरी जातो.

फलकावरच्या गणिताचीही मौज आहे. ‘शेकडा ५० अधिक शेकडा २०’ असे लिहिलेले वाचून आपण मनात ७० म्हणतो. पण हजाराचे निम्मे ५००, त्यातले २० टक्के गेले की ४००. सवलत झाली ६०. ‘दोन घ्या, एक फुकट’ म्हणजे शेकडा ३३. शिवाय एकाच सदऱ्याची गरज असलेल्याला तीन गळ्यात पडतात, ते वेगळेच. याला आपल्या पूर्वजांनी आवळा देऊन कोहळा काढणे असे नाव ठेवले आहे. वेष्टनावर छापलेली कमाल किंमत सर्व करांसहित असते. तिच्यातून सूट देऊन पुन्हा वर कर लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ साली ठरविले आहे. तसेच, सेलचा माल म्हणून सदोष कपडा परत घ्यायला नकार देणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याला मंजूर नाही. पावतीवर मुदत लिहिलेली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. मात्र दोष कपड्यात असला पाहिजे. आपल्या निवडीतल्या दोषाला कायद्यात औषध नाही.

येथवर मी आपल्याला शहाणपण सांगितले. आता माझी स्वतःची एक लाज सांगतो.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढ लागण्याच्या आदल्या रात्री मालकांनी मला थांबवून घेतले आणि मुलांच्या कपड्यांच्या चिठ्ठ्या नव्याने लिहायला सांगितले. २०० चा जोड होता, त्यावर ३५० लिहायचे, ते तांबड्या शाईने खोडायचे, आणि खाली शेकडा ४० सूट देऊन २१० लिहायचे. माझे अक्षर चांगले, म्हणून ते काम माझ्याकडे. मी लिहिले.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मी त्यांना ओळखले. आठवड्यापूर्वीच ते आले होते, तोच निळा जोड त्यांनी हातात घेऊन पाहिला होता आणि ‘सेल लागू दे, मग नेऊ’ असे मुलाला सांगून परत ठेवला होता. त्यांनी चिठ्ठी वाचली, चेहरा खुलला. तेवढ्यात मुलगा म्हणाला, “बाबा, हा तर दोनशेचाच होता ना?” त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घालून पावती लिहीत राहिलो. तेव्हा ते मुलाला म्हणाले, “तुझा काहीतरी घोटाळा झाला असेल रे. छापलेले खोटे कसे असेल?”

श्रोतेहो, दहा रुपयांची ती फसवणूक. परंतु त्या मुलाचे बरोबर होते, आणि माझ्या सुंदर अक्षरापायी त्याच्या बापाने त्याला चूक ठरविले. पस्तीस वर्षांच्या वह्यांत मी लिहिलेली एवढी एकच रक्कम मला अजून टोचते.

संध्याकाळी मी मालकांपाशी बोललो. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणाले, “अहो, मला काय हौस आहे? साऱ्या रस्त्याने निम्म्याचे फलक लावले आहेत. मी खरा वीस टक्क्यांचा लावला, तर दुकानात चिमणीसुद्धा फिरकणार नाही.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. गिऱ्हाईक किंमत पाहत नाही, सूट पाहते. मग दुकानदारही किंमत ठरवीत नाही, सूट ठरवतो. या खोटेपणाला आपण दोन्ही बाजूंनी खांदा देतो.

यावर उपाय नाही असे नाही. अमेरिकेत बोस्टन शहरी एडवर्ड फायलीन नावाच्या व्यापाऱ्याने १९०९ साली आपल्या दुकानाच्या तळघरात एक रीत सुरू केली. प्रत्येक नगावर तो विक्रीला मांडल्याची तारीख असे. विक्रीच्या १२ दिवसांत गेला नाही तर किंमत पाव भागाने कमी, आणखी ६ दिवसांनी निम्मी, आणखी ६ दिवसांनी चतुर्थांश, आणि तरीही उरला तर ३० दिवसांअखेर तो धर्मादाय संस्थेला. ती दुकाने २०११ साली बंद झाली. पण त्यांचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. काळ उघड होता, म्हणून किंमतही उघड होती. फ्रान्समध्ये सरकार वर्षातून दोनदा सेलचे दिवस ठरवून देते, आणि निदान महिनाभर आधीपासून विक्रीला नसलेला माल त्यात मांडता येत नाही. युरोपीय संघाने तर २०२२ च्या मेपासून असा दंडक लागू केला की, सूट जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत सांगितली पाहिजे. माझ्या त्या तांबड्या शाईला नेमके हेच औषध होते.

पुढल्या वर्षी मालकांनी माझा आग्रह मानला. चिठ्ठीवर माल आल्याचा महिना आणि मूळ किंमत ठेवली, सूट खरी लिहिली. त्यामुळे विक्री वाढली असे सांगता आले असते, तर भाषण गोड झाले असते. पण ती थोडी घटलीच. मात्र त्या वर्षी चिठ्ठ्या लिहून मी घरी गेलो तो स्वस्थ झोपलो.

आता मुलांच्या कपड्यांविषयी दोन शब्द. मोठ्या माणसाने सेलमध्ये पुढल्या वर्षाचा सदरा घेतला तर बिघडत नाही. त्याचे अंग पुढल्या वर्षीही तेवढेच असते, फार तर पोट पुढे येते. मुलाचे तसे नाही. आज २६ नंबर लागणारा मुलगा पुढल्या वर्षी २८ घालील की ३०, हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. पूर्वी शिंपी वाढत्या अंगाचे कपडे शिवताना शिवणीत माया सोडीत असे. दिवाळीला उसवून ती मोकळी केली की कपडा आणखी वर्षभर चाले. तयार कपड्यात ही माया फारशी नसते. म्हणून मुलाचा कपडा घ्याल तो आत उलटून शिवण पाहा, तळाची दुमड किती आहे ते मोजा, आणि एक माप मोठा घ्या. दोन मापे नको. आणि मुख्य म्हणजे गरजेची यादी घरूनच करून न्या. यादीतले निम्म्यात मिळाले तर तो नफा; यादीबाहेरचे चतुर्थांशात मिळाले तरी तो खर्चच.

आणि एक विनंती. तुमच्या संगतीतला मुलगा म्हणाला की ‘हे आधी एवढ्यालाच होते’, तर चिठ्ठीवर विश्वास ठेवण्याआधी त्याच्यावर ठेवा. दुकानदाराला विचारा. विचारणारे दहा निघाले, तर अकराव्या दिवशी चिठ्ठी खरी होईल. हे मी गल्ल्याच्या आतल्या बाजूने सांगतो आहे.