मोजणीबाहेरच्या भाषा



बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव-जामोदच्या परिसरात निहाली ही भाषा बोलली जाते. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. तिने कोरकूकडून व मराठीकडून अमाप शब्द उसने घेतले. परंतु तिचा गाभा कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी जुळत नाही. जनगणनेच्या तक्त्यात मात्र तिला स्वतंत्र स्थान नाही. १९६१ च्या जनगणनेने १६५२ मातृभाषा नोंदविल्या होत्या. १९७१ पासून १०,००० हून कमी भाषिक असलेली भाषा वेगळी दाखवावयाची नाही असे ठरले, आणि शेकडो नावे ‘इतर’ या रकान्यात लोटली गेली.

यंत्रयुगामुळे भाषा मरतात, असे आज सर्रास म्हटले जाते. हे अर्धसत्य आहे. अनुवाद करणारी, बोललेले लिहून काढणारी आजची यंत्रे प्रचंड लिखित मजकुरावर पोसली जातात. हा मजकूर शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि छापखाने यांतून साचतो. ज्या भाषेला यांपैकी कोठेच शिरकाव मिळाला नाही, तिच्यासाठी यंत्राजवळ खाद्य नसते. ते तयार करण्यात भांडवलदाराला नफाही दिसत नाही. जनगणनेने ओढलेली रेघच यंत्र पुन्हा गिरविते.

संथाळीची कथा निराळी. रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये ओल चिकी लिपी घडविली, तीत नाटके लिहिली, आणि तिच्याभोवती चळवळ उभी राहिली. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी आठव्या अनुसूचीत आली. जगभरचे संगणक जी अक्षरसूची मानतात त्या युनिकोडमध्ये या लिपीला स्थान मिळाले ते त्यानंतर, २००८ मध्ये.

गोंडीचे काय? २०११ च्या गणनेत तिचे भाषिक सुमारे ३० लाख. तिच्या दोन लिपी २०१७ व २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आल्या. अनुसूचीत ती अद्याप नाही. भाषावार प्रांतरचनेने इतरांना राज्ये दिली, गोंडी भाषिकांना मात्र अनेक राज्यांत वाटून प्रत्येक ठिकाणी अल्पसंख्य करून ठेवले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे घटनेचा अनुच्छेद ३५०-क १९५६ पासून सांगतो. तरीही गडचिरोलीतील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, ती पुढे शिक्षण खात्याने अनधिकृत ठरविली.

लोहियांच्या अनुयायांनी इंग्रजीच्या वर्चस्वाशी झुंज दिली, ते योग्यच होते. पण गोंड मुलासमोर शासकीय शाळेतील मराठी नेमकी इंग्रजीच्याच जागी उभी असते, हे मराठी समाजवाद्यांनी किती सभांतून बोलून दाखविले? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा अभिमान बाळगणाऱ्यांना हा प्रश्न रुचणार नाही.

प्रगणकाने मातृभाषा मराठीतून विचारली, उत्तरही मराठीतून मिळाले, की रकान्यात मराठी पडावयास वेळ लागत नाही. म्हणून मेळघाट, एटापल्ली, जळगाव-जामोद येथील कार्यकर्त्यांनी जनगणनेपूर्वी पाड्यापाड्यावर बैठका घ्याव्यात, घरात बोलली जाणारी भाषा नावानिशी सांगावयास लोकांना उद्युक्त करावे, आणि प्रगणकाने काय लिहिले ते तेथेच वाचून घ्यावे.