स्मरणचित्र कोणाच्या स्मरणातलं?

(पिशोर, ता. कन्नड इथं भीमजयंतीच्या आठवड्यात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच, थोडं आवरून छापलं आहे.)



फळ्यावर विषय लिहिलाय, 'आपल्या पोरांनी शहरात चित्रकलेच्या कॉलेजात जावं का?' मला बोलावलं कारण मी या वस्तीतला, मुंबईत राहतो आणि माझ्या कविता छापून येतात. मुंबईत मी गोदीत आहे, ठेकेदाराच्या हजेरीवर. शिक्षण मॅट्रिक. चित्रकलेच्या कॉलेजात मी मॉडेल म्हणूनसुद्धा कधी बसलेलो नाही. तेव्हा आतलं कौतुक माझ्याकडून मिळणार नाही. बाहेरून दिसतं ते आणि हिशेबात बसतं ते सांगतो.

मघाशी एक काका म्हणाले, "चित्र काढून पोट भरतं का रे?" आपली काही शिकलेली पोरं हसली. हसू नका. ज्याच्या घरात कणगी भरलेली असते त्यालाच हा प्रश्न अडाणी वाटतो. बारावीनंतर बीएफए म्हणजे चार वर्षं. गड्याची मजुरी दिवसाला चारशे धरा, महिन्याला वीस दिवस काम धरा. वर्षाचे ९६,००० झाले. चार वर्षांचे ३,८४,०००. कॉलेजची फी अजून मी मोजलेलीच नाही. ही त्याच्या आधीची फी, आणि ती कुठल्याच माहितीपुस्तकात छापत नाहीत. ती तुझी माय भरते, दुसऱ्याच्या वावरात वाकून.

आता सरकार काय देतं ते बघा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्याला शिकणाऱ्याला वर्षाला ६०,०००, आपल्या संभाजीनगरला ५१,०००. साठ हजारांची फोड अशी: जेवणाला ३२,०००, राहायला २०,०००, वरखर्चाला ८,०००. राहण्याचे महिन्याला सोळाशे-सतराशे पडतात. तेवढ्यात मुंबईत खोली मिळत नाही, खाट मिळते, तीही पाळीनं. आणि शिष्यवृत्ती सवडीनं येते, रंगाचा दुकानदार मात्र रोख मागतो. तरीपण हा पैसा हक्काचा आहे. कोणाच्या बापाची मेहरबानी नाही. ज्याला जायचंय त्यानं तो वसूल करायचाच.

मला काही मित्र म्हणतात, तू कुठं कॉलेजात गेलास? नामदेव ढसाळ टॅक्सी चालवत होता, १९७२ ला 'गोलपिठा' आला, कुठली डिग्री लागली? इथं मला भांडायचंय. कवितेला काय लागतं? पेन्सिलचा तुकडा. मी कविता हॅचमध्ये जुळवतो, डबे बांधता बांधता, आणि जेवणाच्या सुट्टीत टॅलीच्या रद्दी कागदाच्या पाठीवर उतरवतो. मुकादमाला वाटतं हजेरीचा हिशेब करतोय. तैलचित्राला असं करता येत नाही. त्याला जागा लागते, उजेड लागतो, वाळेपर्यंत कोणी हात लावू नये अशी भिंत लागते. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं झोपतात तिथं ओला कॅनव्हास कुठं ठेवशील? एचिंगचा प्रेस घरात आणशील? दगड फोडायला, प्लास्टर ओतायला शेजारी देतील का? म्हणून कवीनं चित्रकाराला 'कॉलेजात काय ठेवलंय' असं सांगू नये. त्याला सांगायला काय जातंय? त्याचं हत्यार खिशात मावतं.

सुधीर पटवर्धनांचं नाव कोणी ना कोणी घेतंच. कॉलेजात न शिकता मोठा चित्रकार झालेला माणूस. मुंबई-ठाण्याचा कामगार, लोकल, इराण्याचं हॉटेल त्यांनी असं रंगवलं की आम्हा लोकांना आमची पाठ ओळखू यावी. मान्य. पण पटवर्धन एक्स-रेचे डॉक्टर. दिवसा दवाखाना होता म्हणून रात्री ब्रश होता. कॉलेज टाळायची चैन ज्याच्या खिशात दुसरी पदवी आहे त्याला परवडते. उलट नागपूरचे सवी सावरकर बघा. बडोद्याला जाऊन शिकले, आणि गळ्यात मडकं बांधलेला माणूस, देवदासी, यांना चित्रात आणि छापात असं उभं केलं की बघणाऱ्यानं नजर कुठं वळवावी? छापा काढायचं तंत्र, तो प्रेस, ती आम्लं वस्तीत नव्हती, कॉलेजात होती. तिथून ती उचलली आणि आपल्या कामाला लावली.

आता दुसरी बाजू. तिथं काय शिकवतात, आणि शिकवणारे कुठून शिकले?

मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ चं. गोदीकडे जाताना मी व्हीटीला उतरतो. त्या स्टेशनच्या दगडी भिंतीवर पानं, पक्षी, माणसांची डोकी कोरलीत. ते नक्षीकाम जे. जे. च्या पोरांनी केलं, इंग्रज मास्तरांच्या हाताखाली. लाखो माणसं खालून जातात, एकाही कोरणाऱ्याचं नाव कोणाला सांगता येत नाही. त्याच जे. जे. चे प्रिन्सिपॉल ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थी घेऊन कुठं येत होते? अजिंठ्याला. आपल्या जिल्ह्यात. १८८५ पर्यंत हिवाळ्या-हिवाळ्यानं भिक्खूंच्या लेण्यात बसून, दिव्याच्या उजेडात, त्या पोरांनी नकला उतरवल्या. नकला लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत बऱ्याचशा जळाल्या. त्याच्या आधी गिल साहेबानं वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकलाही १८६६ ला तिकडंच जळाल्या होत्या. म्हणजे शहरातली कलाशाळा शिकायला आपल्याकडे आली होती, दोस्तांनो. आज आपलं पोरगं तिच्या दारात जातं तेव्हा मान खाली घालून जातं, जसं काही त्याच्या गावानं कधी रंग पाहिलेलाच नाही.

अजिंठा राहू द्या. पितळखोरा तर आपल्याच कन्नड तालुक्यात. इथं बसलेल्यांपैकी किती जण सहलीला म्हणून नाही, बघायला म्हणून गेलेत? इसवीसनाच्याही आधीपासूनची बौद्ध लेणी. तिथं एक यक्ष सापडला, बुटका, ढेरपोट्या, दोन्ही हात वर करून डोक्यावर भांडं तोललेला, आणि वर हसतोय. आमच्या गोदीतला ओझंवाला हुबेहूब. त्याच्या हातावर ब्राह्मीत कोरलंय की हे कण्हदास नावाच्या सोनारानं केलं. राजाचं नाव नाही, हात चालवणाऱ्याचं नाव आहे. दोन हजार वर्षांमागं आपल्या डोंगरात कारागीर सही करत होता, आणि व्हीटीच्या भिंतीवर ती सही गायब. तो यक्ष आता दिल्लीत, राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या वहीत तो नाही.

त्या वहीकडे येतो. इथल्या पाच-सहा जणांनी इंटरमिजिएट दिलीय. ए ग्रेडला दहावीत ७ मार्क, बी ला ५, सी ला ३. त्यामुळं शाळेत चित्रकला म्हणजे मार्काचं टेकू झालंय. परीक्षेत एक पेपर असतो, स्मरणचित्र. पुढं कॉलेजच्या प्रवेशालाही स्मरणचित्र काढावं लागतं. विषय साधे असतात, बाजार, सण, सहल. विषयात खोट नाही. पण क्लासवाले पोरांना स्मरण पाठ करून देतात. अमुक कोपऱ्यात झाड, तमुक कोपऱ्यात फुगेवाला, बाई नऊवारीत, पोरगं चड्डीत. अरे, स्मरण पाठ करून कसं येईल? तुझ्या स्मरणातला बाजार काय आहे? माय आद्रक निवडते ती बोटं. उसाच्या ट्रॅक्टरवर बिऱ्हाडासकट चढणारी माणसं. जयंतीच्या आदल्या रात्री निळीत हात बुडवून भिंत रंगवणारी टोळी. हे तू काढत नाहीस, कारण तुला सांगितलंय की हे 'चित्रात' येत नाही. चार वर्षांच्या कॉलेजचा खरा धोका हा आहे. पैशाची झीज भरून निघेल. तिथं कोणी तुला शिवी देणार नाही कदाचित, गोड बोलून तुझं स्मरण बदलतील. मग तूही गावाकडं येऊन बैलगाडी आणि सूर्यास्त काढशील, आणि तो शहरातल्या हॉटेलात लागेल.

बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं, चित्र काढायला शिकले. घटना लिहून झालेल्या माणसाला ही रिकामटेकडी हौस वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी? त्याच बाबासाहेबांनी १९५० ला औरंगाबादला मिलिंद काढलं. तिथून निघालेली पोरं प्रस्थापितांची भाषा शिकली आणि तिच्यातच त्यांना सुनावलं. ब्रशाचं तसं का होऊ नये?

नोकरीचं थोडक्यात. कायम चित्रकला शिक्षकाची जागा आता कपिलाषष्ठीचा योग. पेंटरचा धंदा फ्लेक्सनं खाल्ला. जयंतीचा फोटो पूर्वी आपला पेंटर रात्र जागून रंगवायचा, आता कन्नडला तासाभरात निघतो, आणि बाबासाहेबांचा चष्मासुद्धा सरळ बसत नाही. पुतळ्याची वर्गणी आपली, ओतायचा ठेका दुसऱ्याचा. इथं काम आहे, करणारे हात आपले तयार नाहीत. उपयोजित कला, शिल्प, छपाई या बाजूंनी जाल तर भाकरीला वाव आहे. नुसतं 'पेंटिंग' घेणाऱ्यानं घरच्यांना आधी स्पष्ट सांगावं की पाचव्या वर्षी पगार येईल याची हमी नाही. लपवू नका. मायबापाला फसवून काढलेलं चित्र मला बघायचं नाही.

माझं मत विचाराल तर, जा. पण सरकारी कॉलेजात जा. पहिलं संभाजीनगरचं शासकीय धरा. एस.टी.नं घरी येता येतं, सुगीला हात देता येतो, आणि अजिंठा-वेरूळ उशाला. जे. जे. ला नंबर लागला तर सोडू नका, पण २०२३ ला त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय. 'अभिमत' शब्द दिसला की फी आणि राखीव जागा यांचा कागद आधी हातात घ्यायचा. लाखाची फी घेणाऱ्या खाजगी कॉलेजात कर्ज काढून कोणी जाऊ नका. त्या कर्जात तुमचा रंग आधी वाळेल. आणि एकटे जाऊ नका, दोघं-तिघं जा. एकट्याचं स्मरण लवकर पुसतं.

मागं बसलेल्या ताई मघापासून काही बोलल्या नाहीत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचं सावित्रीमाईचं चित्र त्यांनी काढलंय, मला येताना कळलं. आतापर्यंत सगळी चर्चा 'पोरं, पोरं' अशी चाललीय. त्यांच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत म्हणे. काका, हिशेबात तीही चार वर्षं धरा.

आता कामाचं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि जात पडताळणी, यातलं एक जरी राहिलं तरी शिष्यवृत्ती अडते. पडताळणीला महिने लागतात, म्हणून ती आत्ताच टाकायची. ज्यांना जायचंय त्यांनी नावं द्या. सोमवारी सकाळच्या गाडीनं मी कन्नडच्या तहसीलला येतो सोबत. मंगळवारी रात्री मला पाळीवर हजर व्हायचंय.