‘दृश्यम’मधला बाप आणि आमच्या घरातला बाप



मागच्या खेपेला आम्ही खताच्या खड्ड्याबद्दल बोललो होतो. आजही बोलण्यात खताचा खड्डा येणार आहे, पण तो सिनेमातला. झालं असं, की शनिवारी गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि ज्यांच्या घरी बसलो होतो त्यांच्या टी.व्ही.वर ‘दृश्यम’ लागलेला. आधी दोघी उभ्यानेच बघत राहिल्या, मग सगळ्याच बसल्या. घरी भाकरी टाकायच्या राहिल्या आणि रात्री बोलणी खावी लागली. पण त्या दिवशी जी चर्चा झाली ती तुमच्यापर्यंत यावी, म्हणून आज हा विषय.

हिंदी सिनेमात पोरीसाठी जीव टाकणारा बाप नवा नाही. कोणी परदेशात जाऊन वीस-वीस गुंडांना लोळवतो, कोणी बंदूक घेऊन इमारतीत शिरतो. असल्या बापाशी आपला काय संबंध? आमच्याकडे बाप म्हणजे कापसाला भाव मिळाला नाही म्हणून ओट्यावर गप्प बसलेला माणूस. ‘दृश्यम’मधला बाप मात्र ओळखीचा वाटला. गोव्यातल्या एका लहान गावात केबलचा धंदा करणारा, चौथी नापास, बायकोने दुकानात साडीसाठी हट्ट केला की कुरकुरणारा. नाव विजय साळगावकर. काम अजय देवगणने केलं आहे. सिनेमा आला २०१५ साली, आणि तो केला आपल्याच मराठी माणसाने, निशिकांत कामत यांनी. ‘डोंबिवली फास्ट’ आणि ‘लय भारी’ हे मराठी सिनेमे त्यांचेच. २०२० साली ते गेले. मूळ गोष्ट मात्र २०१३ च्या मल्याळम सिनेमातली, जीतू जोसेफ यांची.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. विजयची थोरली पोरगी अंजू शाळेच्या शिबिराला जाते. तिथे एक पोरगा चोरून मोबाईलवर तिचं अंघोळीचं चित्रण करतो. मग एका रात्री तो घरी येतो आणि धमकावतो. आई नंदिनी हात जोडते, तर तो आईकडेच वाकड्या नजरेने बघतो. झटापटीत अंजूच्या हातून त्याच्या डोक्यात फटका बसतो आणि तो मरतो. मायलेकी त्याला परसातल्या खताच्या खड्ड्यात पुरतात. तो पोरगा निघतो पोलीस खात्यातल्या मोठ्या बाईचा, गोव्याच्या आय.जी. मीरा देशमुख यांचा. ते काम तब्बूने केलं आहे. आणि मग सुरू होतो बापाचा खेळ. २ ऑक्टोबरला आम्ही पणजीला सत्संगाला गेलो होतो, ही एकच गोष्ट तो घरच्यांकडून घोकून घेतो. बसची तिकिटं, हॉटेलची पावती, सिनेमाची तिकिटं, सगळं जपून. (आमच्या एकीचं म्हणणं, आपण तर एस.टी.चं अर्धं तिकीट उतरायच्या आधीच चुरगाळून टाकतो, आपण पहिल्याच दिवशी पकडल्या जाऊ.)

सिनेमा संपला तेव्हा सगळ्या खूश. बाप असावा तर असा! पण आमच्यातल्या एका आजींनी विचारलं, “पोर संकटात होती तेव्हा हा बाप कुठे होता?”

खरंच की. त्या रात्री विजय घरी नव्हता. तो ऑफिसात बसून सिनेमे बघत होता, त्याची ती सवयच. पोरीवर वेळ आली तेव्हा तिच्याजवळ आई होती. बापाची सगळी हुशारी नंतरची.

यावरून कोणी बापाला नावं ठेवू नका. आपल्याकडे शेतीला लाईट रात्रीची असली की पाणी भरायला माणूस रात्रीच शेतात जातो. कोणाचा घरधनी ट्रकवर, कोणाचा सुरतेला कामाला. तेव्हा पोरगी सांगणार कोणाला, हा प्रश्न आमच्या बैठकीत उभा राहिला आणि पुढचे दोन शनिवार तोच चालला.

कारण ही गोष्ट आपल्याकडे गोव्यावरून आलेली नाही. थोरल्या बायांना आठवत असेल. १९९४ साली जळगावात ते प्रकरण उघडकीला आलं, मुलींना जाळ्यात ओढायचं, त्यांचे फोटो काढायचे आणि त्या फोटोंच्या धाकावर त्यांना वापरायचं. साऱ्या महाराष्ट्रात गाजलं. तेव्हा गावात मोबाईल नव्हता, साधा फोटोच पुरला. मोर्चे निघाले, खटले उभे राहिले, पण साक्ष द्यायला पुढे येणं मुलींना जमेना. येणार तरी कशा? नाव फुटलं की आयुष्य संपलं, हीच भीती. खटले टिकले नाहीत. आमच्यातल्या थोरल्या सांगतात, त्यानंतर कितीतरी दिवस जळगावची मुलगी म्हटलं की स्थळं बिचकायची. म्हणजे गुन्हा केला कोणी आणि डाग लागला साऱ्या जिल्ह्याच्या पोरींना. त्या मुलींच्या घरीही बाप होतेच. त्यांचं पोरींवर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? पण पोरीच्या तोंडून शब्द निघाला नाही, तर बाप तरी काय करणार?

आता आमच्या गटातलीच एक गोष्ट. नाव-गाव सांगणार नाही, कायद्यानेही ते सांगता येत नाही.

आमच्या एका बहिणीच्या डब्यातले हप्त्याचे पैसे कमी व्हायला लागले. आधी दोनशे, मग पाचशे. अकरावीतल्या पोरीवर संशय आला. आईने विचारलं, पोरगी गप्प. आईने कानाखाली दिली, तरी गप्प. शेवटी आईच रडायला लागली, तेव्हा पोरगी बोलली. त्यांची न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी कुडाच्या भिंती, चौथीकडे गोणपाटाचा पडदा, वर आभाळ. ओळखीतल्या एका पोराने शेजारच्या धाब्यावरून मोबाईलमध्ये चित्रण केलं होतं. पैसे दे, नाहीतर गावभर पाठवतो, असं तो म्हणत होता. दोन महिने ती पोरगी त्याला पैसे देत होती.

बापाला कळलं तेव्हा तो काठी घेऊन निघाला. चार माणसांनी धरून आणला. मग घरात सल्ले सुरू झाले. आजोबा म्हणाले, मोबाईल काढून घ्या. चुलते म्हणाले, कॉलेज बंद करा. आत्याने तर स्थळही काढलं, आखाजीला उरकून टाकू म्हणाली. आणि सगळे एका सुरात, “कोनले सांगू नको.” पोरगी तेव्हा सोळा वर्षांची. आखाजीला सासरच्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात. आणि हिला त्याच आखाजीला घराबाहेर घालायची तयारी. हेही सगळं पोरीच्या रक्षणासाठीच बरं का! घरातल्या एकालाही तिचं वाईट करायचं नव्हतं.

आई गटात आली. आम्ही सगळ्याजणी त्या दिवशी घाबरलेल्याच होतो, खोटं कशाला बोलू. पोलीस ठाण्याची पायरी आमच्यातल्या एकीनेही चढलेली नव्हती. तरी चौघी निघालो, पोरगी, तिची आई, आणि तिचा बापही बरोबर. तिथे पहिल्या दिवशी आम्हाला उद्या या म्हणाले. उद्या गेलो तर साहेब बाहेर. मग आमच्यातल्या एकीने तिथूनच १०९८ ला फोन लावला, तेव्हा हालचाल झाली आणि एक महिला अधिकारी आल्या. हे पोलीस ठाणं कोणतं, ते सांगायची गरज नाही.

तिथे आम्हाला जे कळलं ते आज मुद्दाम सांगतो, कारण सिनेमात ते दिसत नाही. ‘दृश्यम’मध्ये धाकट्या अनूलाही पोलीस मारतात. ते काम मृणाल जाधव या मराठी पोरीने केलं आहे, बघताना आमच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथूनच बायांच्या मनात बसतं की तक्रार केली तर आपल्याच पोरीचे हाल. पण अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. त्यात लिहिलं आहे, की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवं तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, अंगावर वर्दी नको. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. नाव बाहेर फोडायचं नाही, पेपरवाल्यांनीही नाही. आणि असा गुन्हा माहीत असून कळवला नाही, तर तो मोठ्या माणसांचाच गुन्हा. बाई मोठी असो की लहान, तिचं असं चोरून चित्रण करणं हाच गुन्हा. २०१३ पासून कायद्यात तो वेगळा सांगितलेला आहे आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतही आहे. पहिल्या वेळेलाच एक ते तीन वर्षांची कैद. ठाणं आपल्या हद्दीतलं नाही म्हणून परत पाठवता येत नाही, तक्रार कुठेही घ्यावी लागते.

आणखी एक. अंजू तो मोबाईल फोडायला जाते. आपणही तेच करू, रागाने सगळं पुसून टाकू. ते करू नका. धमकीचे मेसेज, पैसे पाठवल्याची नोंद, नंबर, तसंच राहू द्या. तोच पुरावा. आणि ते चित्रण चुकूनही कोणाला पुढे पाठवू नका, “बघा कसा केला” म्हणूनसुद्धा नाही, कारण पाठवणाराही कायद्यात अडकतो. ऑनलाइन तक्रारीसाठी १९३० नंबर आहे, बाईसाठी १८१, तातडीने पोलीस हवे असतील तर ११२. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथेही जाता येतं. लिहून घ्या, आम्ही थांबतो. १०९८, १९३०, १८१, ११२.

विजयचं काय मग? तो चुकला का? यावर आमच्यात अजून भांडण आहे. बलात्काराच्या इराद्याने कोणी अंगावर आलं आणि स्वतःला वाचवताना त्याचा जीव गेला, तर कायदा तो स्वसंरक्षणाचा हक्क धरतो. हे जुन्या कायद्यातही होतं, नव्यातही आहे. अंजूला तो मिळाला असता का, हे कोर्टाने ठरवलं असतं. पण समोर पोराची आई आय.जी., मग चौथी नापास केबलवाला कोणाच्या भरवशावर ठाण्यात जाईल, हे काहीजणींचं म्हणणं आम्हाला खोडता येत नाही. दोन दिवस आम्हीच खेटे घातले होते ना.

तरी एक गोष्ट बघा. २०२२ साली ‘दृश्यम २’ आला, सात वर्षांनंतरची गोष्ट. तोवर विजयने पैसा कमावलेला, थिएटर बांधलेलं. पण अंजूला झटके येतात, ती दचकून उठते. प्रेत लपलं, पुरावे लपले, पोरीची भीती काही लपली नाही. आम्हाला वाटतं दुसऱ्या भागात खरं बोलणं तेवढंच आहे, बाकी सगळी विजयची पुन्हा हुशारी. याच गोष्टीवर चीनमध्ये २०१९ साली सिनेमा निघाला, त्यात बाप शेवटी स्वतःहून कबुली देतो. आमच्या आजींना तो शेवट आवडला. तरुण पोरींना अजिबात नाही.

आमच्या पोरीचं पुढे काय झालं ते सांगतो. तो पोरगाही अठराच्या आतला निघाला. त्याचा मोबाईल जप्त झाला, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. गावात कुजबुज झाली नाही असं नाही, महिनाभर झाली. मग कापूस वेचणी लागली आणि लोकांना दुसरे विषय मिळाले. आखाजीला लग्न झालं नाही. गटाने त्या घराला कर्ज दिलं आणि न्हाणीला पत्रा आणि दार बसलं. नंतर आणखी पाच घरांनी त्याच कामासाठी कर्ज मागितलं, ते कशासाठी हे आम्ही कोणाला विचारलं नाही.

बाप सुरुवातीला पोरीला रोज मोटारसायकलवर कॉलेजला सोडायचा आणि सुटेपर्यंत फाटकासमोर उभा राहायचा. शेतातली कामं खोळंबली. शेवटी पोरगीच म्हणाली, “आप्पा, मी मैत्रिणींसंगे एस.टी.ने जाईन. काही झालं तर तुम्हाले सांगीन.” तो तयार व्हायला आठ दिवस लागले. आता रात्री पाणी भरायला जाताना तो मोबाईल मोटारीच्या खोलीत ठेवत नाही, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवतो. आवाज मोठा करून.