उद्यावर टाकलेली तपासणी
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



वर्षभराच्या कामाचा आढावा विश्वस्त मंडळाने आपल्यापुढे ठेवलाच आहे. मला आज एका सवयीविषयी बोलायचे आहे. तिची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही, तरी बाह्यरुग्ण विभागात ती मला रोज भेटते. ती सवय म्हणजे चालढकल.

काही वर्षांपूर्वी खारेपाटातील एक शेतकरी माझ्याकडे आले. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळून काळी पडली होती. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांना ठाऊक होते. जखम मात्र दुखत नव्हती, कारण मधुमेहामुळे पायाची संवेदनाच गेली होती. ‘‘भात झोडून होऊ दे, मग जाऊ, असे म्हणता म्हणता महिना गेला, डॉक्टर,’’ ते म्हणाले. अंगठा काढावा लागला. पुढे ड्रेसिंगसाठी येत असताना बोलता बोलता त्यांनी सांगितले, की त्याच महिन्यात उधाणाच्या भरतीने बांधाला खांड गेली, तेव्हा मध्यरात्री गावातली माणसे गोळा करून त्यांनी ती बुजवली होती. खांड वेळेवर बुजवली नाही तर खारे पाणी शिवारात शिरते आणि पुढची काही वर्षे जमीन भाताच्या कामाची राहत नाही, हे इथे बसलेल्या अनेकांना मी सांगायला नको. अशा माणसाला आळशी कोण म्हणेल?

तेव्हापासून चालढकल म्हणजे आळस, हे समीकरण मी सोडून दिले. आळशी माणसाला काम राहिल्याची फारशी खंत नसते. चालढकल करणाऱ्याला ती रात्रंदिवस टोचत असते. मानसशास्त्राच्या अलीकडच्या अभ्यासातूनही हेच दिसते, की आपण काम टाळत नसतो, त्या कामाबरोबर येणारी नकोशी भावना टाळत असतो. साखर वाढली असे सांगतील, गाठ निघाली तर काय करायचे, डॉक्टर रागावतील, ही ती भावना. ‘उद्या जाऊ’ म्हटले की मनाला ताबडतोब हायसे वाटते. हा लाभ लगेच मिळतो आणि तोटा लांबवर असतो, म्हणून मन पुन्हा तोच सौदा करते. बांधाची खांड डोळ्यांना दिसते, पाण्याचा आवाज कानांवर येतो. रक्तदाबाची खांड बहुधा दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या घरात गाडीभाड्याची सोय नाही, ज्या बाईला सोबत यायला कोणी नाही, तिच्या उशिराला चालढकल म्हणणे अन्यायाचे होईल. तो दोष व्यवस्थेचा आहे आणि तो दूर करणे हे आमच्यासारख्या संस्थांचे काम आहे. मी बोलतो आहे ते सोय असूनही राहून जाणाऱ्या तपासणीविषयी.

यावरचा उपाय शोधण्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत डोकावून पाहावे. भाद्रपद शुद्ध चतुर्थी कोणासाठी पुढे सरकत नाही. म्हणून मूर्तिकार त्या दिवसापासून मागे मोजत येतो. पावसाळी हवेत शाडू लवकर वाळत नाही, तेव्हा कच्च्या मूर्ती त्याआधी तयार हव्यात. मग रंगकाम, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. विसर्जनानंतर थोड्याच दिवसांत पुढल्या वर्षाचे काम सुरू होते. हजारो मूर्तींचा विचार एकदम केला तर कोणाचाही हात थिजेल. कारागीर आजच्या साच्यापुरता विचार करतो. धाटावच्या कारखान्यात जाणारा कामगारही पाळी चुकवत नाही, कारण तिची वेळ ठरलेली असते. आपल्या प्रकृतीला मात्र ना चतुर्थी आहे ना पाळीचा भोंगा. ती तारीख आपल्यालाच ठरवावी लागते.

काही जण म्हणतात, ‘‘आम्ही टाळत नाही, तयारी करतो आहोत.’’ असे खरोखरच असू शकते. पेण तालुक्यातील गागोदे गावी 1895 साली जन्मलेल्या विनोबांना त्यांच्या आईने सुचविले होते, की मला समजेल अशी मराठी गीता तूच लिही. आई 1918 साली गेली. विनोबांनी ‘गीताई’चा आरंभ केला तो 7 ऑक्टोबर 1930 रोजी आणि 6 फेब्रुवारी 1931 रोजी, म्हणजे चार महिन्यांत, ती पूर्ण झाली. मधल्या वर्षांना चालढकल म्हणता येणार नाही. ती अध्ययनाची आणि साधनेची वर्षे होती. तरीही जिने ती मागितली होती, तिच्या हाती ती पडली नाही, हे मनाला लागून राहते. तयारीत रोज एखादे पाऊल पुढे पडते. चालढकलीत फक्त तारीख पुढे पडते. आपले यांतले कोणते चालले आहे, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे तपासावे.

आता प्रत्यक्ष काय करावे? पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे, की ‘मी तपासणी करीन’ या नुसत्या संकल्पापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक करीन’ असे ठरवणाऱ्यांच्या हातून काम पार पडण्याची शक्यता अधिक असते. म्हणून ‘एकदा साखर बघायला हवी’ असे म्हणू नका. ‘येत्या सोमवारी बाजाराला जाण्याआधी, उपाशीपोटी, रुग्णालयात’ असे म्हणा आणि घरच्या एका माणसाला सांगून ठेवा. गोळीची सांगड सकाळच्या चहाशी घाला. काम मोठे वाटत असेल तर त्याचे पहिले टोक तेवढे धरा. आज फक्त जुने कागद एका पिशवीत भरून ठेवा, एवढेही पुरे.

तीन गोष्टी मात्र उद्यावर टाकू नका. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला असेल तर थुंकीची तपासणी. ती सरकारी केंद्रांत मोफत होते. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची आणि पायांची तपासणी. आणि स्तनात हाताला लागलेली गाठ, मग ती दुखत नसली तरीही. छातीत दुखू लागले किंवा साप चावला तर दिवसांची नव्हे, मिनिटांची गोष्ट असते, हे वेगळे सांगायला नको.

शेवटी आम्हा डॉक्टरांविषयी. उशिरा आलेल्या रुग्णाला आम्ही फैलावर घेतो. त्या रागाच्या भीतीने तो पुढच्या वेळी आणखी उशिरा येतो. हा दोष माझ्यातही होता. शिवाय, रुग्णांना रोज उपदेश करणाऱ्या मी स्वतःचा रक्तदाब तीन वर्षे मोजला नव्हता. यंत्र टेबलावर, हाताच्या अंतरावर होते. एके दिवशी परिचारिकेने काही न बोलता माझ्याच दंडाला पट्टा बांधला, तेव्हा कळले, आणि त्या दिवसापासून मीही रोज गोळी घेतो. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला बसलो.

तेवढेच आपण एकमेकांसाठी करावे, अशी विनंती आहे. घरी गेल्यावर ज्याची तपासणी राहिली आहे त्याला रागावू नका. वार ठरवा आणि सोबत या. बाहेर नोंदणीचे टेबल मांडलेले आहे. निघण्यापूर्वी तिथे फक्त नाव आणि वार लिहून जा. पहिले पाऊल तेवढेच आहे.